सीतादहीच्या आदल्या दिवशी

पुण्यात परत आल्यापासून भेटेल तो मला एकच विचारतो, "यवतमाळ जिल्ह्यात बघण्यासारखं असं काय आहे हो?" आणि विचारताना चेहरा असा करतो, की मी जणू दिवाळी सोडून कोणाच्या बाराव्याला जाऊन आले. प्रवासाचं लिहायचं म्हणजे लोकांना बर्फ पाहिजे, समुद्र पाहिजे, निदान एखादी पडकी गढी तरी पाहिजे. माझ्याजवळ यातलं काही नाही. काळी माती आहे, कापूस आहे, डोळ्यांतून पाणी काढणारं तिखट आहे आणि एक भांडण आहे. ते भांडण इतकं चांगलं झालं, की लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

आधी मी तिकडे गेलेच कशी, ते सांगते. पुण्यात मी एका ग्रामविकासाच्या संस्थेत काम करते. परदेशातली शेतकीची मुलं आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या घरी ठेवायची, त्यांनी तिथं हातानं काम करायचं, शिकायचं, असा उपक्रम संस्थेनं यंदा काढला होता. एक जर्मन मुलगा नगरकडे गेला, एक जपानी कुलाबा जिल्ह्यात भातावर गेला. उरली इजिप्तची सामिया. तिला कापूस हवा होता. कापूस म्हणजे वऱ्हाड, मुलगी एकटी, म्हणजे सोबतीला बाईमाणूस हवं, आणि इंग्रजी बोलणारं, बिनलग्नाचं, रजा न मागणारं बाईमाणूस ऑफिसात एकच होतं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. उपयोग झाला नाही.

सामियाचं गाव नाईल नदीच्या मुखाकडे. वडिलांची कापसाचीच शेती. आखूड केस, पायघोळ विजार, पुरुषी बूट आणि हसली की सगळा चेहरा हसायचा. ती वऱ्हाडात कशासाठी आली, हे तिनं मला आगगाडीतच सांगितलं. "आमची नदी दरवर्षी शेतात गाळ आणून टाकते. खत म्हणून आम्ही कधी फार विचारच केला नाही. आता वर मोठं धरण बांधताहेत. ते झालं की गाळ येणार नाही. मग माझ्या बापाच्या शेतानं काय खायचं? तुमच्याकडे नदीच्या गाळाशिवाय काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस घेतात म्हणे. कसा घेतात, ते मला शिकायचंय." हे ऐकल्यावर मी खिडकीकडे बघणं सोडून दिलं. मुलगी मला एकदम आवडली.

अडचण एवढीच होती, की तिच्या कॉलेजचा नियम कडक होता. शेतकऱ्याच्या घरी वेचणीचा पूर्ण हंगाम राहून काम केलं तरच पदवी. आणि आमच्या साहेबांनी निघताना बजावलेलं, "एकदा घर बदललंत तर समजून घेईन. दुसऱ्यांदा तक्रार आली तर पोरीला सरळ तिच्या देशात पाठवून देईन. आपल्या संस्थेचं नाव आहे." आमच्या साहेबांना संस्थेच्या नावाची काळजी फार.

महागावच्या अलीकडे

पहिलं घर महागावच्या अलीकडच्या एका गावातल्या पाटलांचं. माणूस देवमाणूस. तेच तर सगळं दुखणं झालं.

आम्ही उतरलो तर शाळेची पोरं रांगेत उभी. स्वागताचं गाणं झालं, हार झाले, पाटलांचं भाषण झालं. सामियासाठी पलंग, पलंगावर नवी चादर, खुर्ची, टेबल, टेबलावर आरसा. सकाळी तिनं झाडू उचलला तर पाटलीणबाईंनी हातातून ओढून घेतला. गोठ्यात गेली तर गड्यानं हात जोडले. शेणखताचा खड्डा दाखवा म्हणाली, तर पाटलांनी खड्ड्याकाठी सतरंजी अंथरली! आमच्या सांगलीकडेही पाहुण्याला कोणी काम सांगत नाही, पण दोन दिवसांनी निदान ताट तरी उचलू देतात. इथं तेही नाही. रोज पुरण, रोज वडे. माझी काही तक्रार नव्हती, पण सामिया वाळायला लागली.

"कुसुम," एक दिवस ती मला तळहात दाखवून म्हणाली, "बघ, माझे घट्टे जात चाललेत."

मी पाटलांशी बोलले. पाटील खरोखर दुखावले. "बाई, पाव्हण्याले मी काम सांगू? माही इज्जत काय राहीन गावात?" मग पानाचा विडा जुळवत बराच वेळ विचार करून म्हणाले, "तिले कामच पाह्यजे ना? मंग फुलसावंगीले जा. तिथं माही मावसबहीण हाय, अनसाबाई. ते देवालेई काम सांगते."

म्हणजे आमचं एक घर झालं. आता फुलसावंगीत टिकलो तर टिकलो.

फुलसावंगी

अनसाबाई पडवीत भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. पन्नाशीची, काटक बाई, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली. पाटलांचा निरोप त्यांना आदल्या दिवशीच मिळाला होता. त्यांनी या-बसा म्हटलं नाही. सामियाचे दोन्ही हात धरले, उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, "हात तं कामाचे दिसतात. पाव्हणी म्हणून आली असशीन तं दोन दिवस राहा, तिसऱ्या दिवशी जाय. कामाले आली असशीन तं मी सांगीन ते करा लागन."

मी भाषांतर केलं. सामिया खाली बसली आणि शेंगा निवडायला लागली. झाली मुलाखत.

अनसाबाईंचे यजमान गणपतराव घरात होते, पण असून नसल्यासारखे. बायकोनं दिवसभर बोलायचं आणि त्यांनी संध्याकाळी "बरं" म्हणायचं, असा त्या घरात करार असावा. मुलगा-सून नागपूरला. शेत कापसाचं, मधूनमधून तुरीची ओळ, कडेला ज्वारी. सामियाची जेवायची पंगत ओसरीवर, चुलीजवळ नाही, हे अनसाबाईंनी पहिल्याच दिवशी रोखठोक सांगितलं. मी माझं पानही ओसरीवर मांडून घेतलं.

आता तिखटाबद्दल. मी सांगलीची. आम्हाला वाटतं, तिखट आम्हीच खातो. पहिल्या रात्री ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा पुढं आला. मी ऐटीत घास घेतला. आई गं! कानातून धूर निघाला म्हणतात ते खोटं नाही. माझ्याकडे बघून सामियानं सावध व्हायला हवं होतं, पण ती भुकेली होती. दोघी ओसरीवर रडत बसलो. अनसाबाई दारात येऊन म्हणाल्या, "कोनी मेलं काय तुमचं?" आणि गुळाचा खडा आणून दोघींच्या हातावर ठेवला. "रडू नको वं पोरी. खाय. आठ दिवसांनी तूच मांगशीन." खरंच मागायला लागली.

दिवसामागून दिवस सामिया कामात बुडून गेली. गोठा लोटायचा, शेण उकिरड्याच्या खड्ड्यात टाकायचं, वर पालापाचोळा, वर राख, मग माती. आमच्याकडे निम्मं शेण गोवऱ्यांत जातं आणि चुलीत जळतं. इथं चुलीत जळतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळक्या काड्या. त्यामुळे शेण शेताला उरतं. हे बघून सामियानं टाळीच वाजवली. तिच्या घराच्या धाब्यावर अशाच काड्या रचलेल्या असतात म्हणाली, तरीही शेण जाळतात ते जाळतातच. "आजीला सांगितलं पाहिजे," असं ती त्या दिवशी दहा वेळा म्हणाली असेल. तुरीची ओळ मध्ये कशाला, हेही तिनं विचारलं. अनसाबाई म्हणाल्या, "तुरीचा पाला झडते. माती खाते. आपून वरण खातो. दोघायचंई पोट भरते." याचं भाषांतर करायला मला मजा आली.

भाषेची आणखी एक गंमत झाली. सामियानं घरात पाऊल टाकल्यापासून तिला अधूनमधून काही शब्द आपोआप समजायचे. साबण, किंमत, दुनिया, मालूम. वऱ्हाडी बोलीत हिंदी-उर्दूची इतकी सरमिसळ, की तिच्या अरबीतले शब्द तिला असे वाटेत पडलेले सापडायचे. अनसाबाईंना ती "खाला" म्हणायला लागली. म्हणजे मावशी. शेजारच्या मोहल्ल्यातली पोरंही त्यांना खालाच म्हणत, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटलं नाही. इतक्या दुरून आलेल्या मुलीला ही हाक कुठं मिळाली, याचं नवल वाटलं ते मलाच.

ढाणकीचा बाजार

वेचणी तोंडावर आली तशी ढाणकीच्या बाजाराला जायचं निघालं. बंडी जोडली. बंडी म्हणजे बैलगाडी. सोबत चांदीबाई. ही जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, वेचणीच्या बायकांची मुकादम म्हणा ना. आरशांची कशिदाकारी केलेली काचोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती, केसांना रुप्याचे घुगरे लोंबणारे. अनसाबाईंच्या शेतात दरसाल पहिल्यांदा उतरायचं ते चांदीबाईच्या बायकांनीच. दोघींचं जन्माचं भांडण आणि जन्माची मैत्री.

चांदीबाईनं वाटभर सामियाची उलटतपासणी घेतली. "तुहा देश किती मुक्काम पडते?" तिचा आजा लदेन्यावाला, म्हणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा, त्यामुळे अंतर मोजायचं ते मुक्कामावर. सामियानं विमान सांगितलं, बोट सांगितली. चांदीबाईला पटेना. "बैल जाते का तिथलोक?" बैल नाही, पण आमच्याकडे उंटांवर माल जायचा, असं सामियानं सांगितल्यावर चांदीबाई एकदम खूश. "मंग तूई आमच्यातलीच! लदेन्यावाल्याची पोरगी!" सामियाच्या बापजाद्यांनी उंट कधी हाकले नव्हते, शेतीच केली होती. मी ते भाषांतरात गाळलं.

परत येताना नाल्यात बंडीचं चाक रुतलं. पाऊस संपून किती दिवस झाले होते, तरी ती माती लोण्यासारखी. मी बंडीत बसून सूचना देत होते. सामियानं उडी मारली, चाकाला खांदा दिला, चाक निघालं आणि तिचा बूट राहिला. आम्ही काठ्यांनी बराच वेळ शोधला. त्या काळ्या मातीनं तो पुरुषी, विलायती बूट जो गिळला तो गिळलाच. अनसाबाई हसून हसून बंडीत आडव्या झाल्या. दुसरा बूट सामियानं नाल्यातच फेकून दिला आणि तिथून पुढं ती अनसाबाईंच्या जुन्या वहाणा घालायला लागली.

त्याच वाटेवर ठरलं, की बुधवारी वेचणी सुरू. मला आणि सामियाला एवढंच समजलं. बुधवारी आधी काय काय होतं, ते त्या दोघींनी बोलून दाखवलं नाही. सकाळी तोंड धुवायचं असतं हे कोणी कोणाला सांगतं का? तसंच ते.

मंगळवार

मंगळवारी मला जाग आली तेव्हा सामियाची वळकटी गुंडाळलेली होती. बाहेर आले तर आभाळ काळवंडलेलं. अनसाबाई अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. "आभाय आलं वं बाई. पानी आलं तं फुटला कापूस मातीत जाईन."

इतक्यात सामिया आली. वेचणाऱ्या बायका बांधतात तशी लुगड्याच्या धडप्याची ओटी पोटाशी बांधलेली आणि ती गच्च भरलेली. केसांत कचरा, गालाला ओरखडे आणि चेहरा असा, की आत्ताच शर्यत जिंकलीय. तिनं ओसरीवर ओटी सोडली. पांढराशुभ्र कापूस पसरला. "खाला! पाऊस नाही, कापूस घर!" तिला येत होतं तेवढं सगळं मराठी तिनं त्यात घातलं.

कापूसवाल्याची पोर ती. आभाळ बघितलं आणि फुटलेला कापूस डोळ्यांपुढं आला. कोणाला उठवत बसायचं म्हणून एकटीच गेली.

अनसाबाई ओरडल्या नाहीत. त्यानंच मी घाबरले. मीठ सांडलं तरी ओरडणारी बाई ती. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि नुसत्या त्या कापसाकडे बघत राहिल्या. "वावरात गेलती तू?" एवढंच म्हणाल्या.

त्याच वेळी चांदीबाई उद्याचं बोलायला अंगणात आली. तिनं कापूस बघितला. "कोनं वेचला?" मग अनसाबाईंकडे बघून, "सीतादही झाली?"

"नाई," अनसाबाई म्हणाल्या.

सीतादही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. वेचणीच्या पहिल्या दिवशी घरधनीण शेतात जाते. एका भरल्या पऱ्हाटीखाली (उभ्या झाडालाही तिकडे पऱ्हाटीच म्हणतात) जागा सारवते, खडे मांडून हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते. पहिला कापूस तिनं तोडायचा, दह्यात बुडवून सीतामाईच्या नावानं झाडाला लावायचा. मग सगळ्या बायकांनी दहीभात खायचा आणि शेतात उतरायचं. त्याआधी कोणाचा हात लागता कामा नये.

"मंग आमी नाई येत," चांदीबाई म्हणाली. "पहिला कापूस सीतामाईचा. तिच्या आंधी कोनं नेला, त वावराची बरकत गेली. बरकत गेलेल्या वावरात माह्या बाया नाई उतरत. त्यायले लेकरंबाळं हायेत."

झालं! माझं डोकं फिरलं. "अहो काहीतरीच काय चांदीबाई! पाऊस आला असता तर बरकत नाल्यातच वाहून गेली असती. पोरीनं तुमच्यासाठीच केलं ना?"

"बाई, तुमी चूप बसा," अनसाबाई म्हणाल्या.

तेव्हा गणपतराव बोलले. सबंध मुक्कामात मी त्यांचं एवढं मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. "पाटलाले निरोप धाडतो. उद्याच्या मोटरनं दोघीले जाऊ द्या. वावर पडून राहीन आपलं." अनसाबाईंनी त्याला नाही म्हटलं नाही.

गेली पदवी. गेलं तिचं सगळं. आणि हे मी तिला कोणत्या शब्दांत सांगू? पण सांगावं लागलंच नाही. सामियानं माझा दंड धरला.

"बरकत?" ती म्हणाली. "कुसुम, बरकत म्हणाली ना ती? मी बरकत घालवली?"

तो शब्द तिच्या घरचा होता. तिच्या आजीच्या तोंडचा. आपण काय केलं, हे तिला त्या एका शब्दात माझ्यापेक्षा चांगलं समजलं. ती रडली नाही. खाली वाकून तिनं सगळा कापूस परत ओटीत भरला, न सांडता, आणि अंगणातून निघून गेली.

वावरात

मग अनसाबाईंनी नऊवारीचा काष्टा खोचला आणि धावल्याच. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं घुगरे वाजवत चांदीबाई. पोर विहिरीकडे तर गेली नाही ना, अशी अभद्र शंका माझ्याच नाही, तिघींच्याही मनात आली असणार, कारण विहिरीपाशी तिघी थबकलो. तिथं कोणी नव्हतं.

सामिया शेतात होती. गुडघ्यावर बसली होती आणि ओटीतला कापूस एकेक बोटभर घेऊन रिकाम्या बोंडांत परत बसवत होती.

तुम्ही कधी कापसाचं बोंड बघितलंय का? एकदा कापूस काढला की वाळक्या पाकळ्या तेवढ्या राहतात, टोकदार, काट्यासारख्या. त्यांत कापूस पुन्हा राहत नाही. ती ठेवायची, वारा यायचा, तो खाली पडायचा. ती उचलून, फुंकून, पुन्हा बसवायची. पाच-सहा झाडं तिनं अशी केली होती. कापूस कुठं बोंडात, कुठं पानावर, कुठं फांदीच्या बेचक्यात. इतकी शिकलेली मुलगी, कापसाच्या घरात वाढलेली! हा खुळेपणा आहे हे तिला कळत नव्हतं का? कळत होतंच. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं.

चांदीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग तिच्या तोंडून निघालं, "अये याडी! हे तं पराटीले लुगडं नेसवून राह्यली!" आणि ती हसली. रागानं आलेली बाई, पण हसू आवरेना तिला. याडी म्हणजे आई, हे मला माहीत होतं.

अनसाबाई हसल्या नाहीत. त्या सामियासमोर उकिडव्या बसल्या आणि मला म्हणाल्या, "इचारा तिले. बोंडाले हात लावाच्या आंधी देवाचं नाव घेतलं का?"

मी विचारलं. सामियानं मान वर केली. "घेतलं. पहिल्या बोंडाला हात लावताना बिस्मिल्ला म्हटलं. नेहमीच म्हणतो आम्ही. माझी आजी म्हणते, नाव न घेता पहिला कापूस तोडला तर बरकत जाते."

मी सांगायला तोंड उघडलं, तर अनसाबाईंनी हात वर केला. बिस्मिल्ला आणि बरकत, दोन्ही शब्द त्यांना पोचले होते. त्यांनी चांदीबाईकडे बघितलं. निवाडा तिचा होता. बायका तिच्या होत्या.

चांदीबाईनं घाई केली नाही. पदराच्या गाठीची तंबाखू काढली, मळली, दाढेखाली धरली. झाडांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मला तर वाटलं, हिला ओरडून सांगावं की बोल एकदाची! शेवटी ती म्हणाली, "देवाचं नाव घेऊन तोडला ना? मंग चोरीचा नाई झाला. सीतामाई काय, एका लेकरावर रागं भरीन?" आणि लगेच बोट दाखवून, "पन दही पाह्यजे. आत्ता. उद्यावर नाई टाकाचं. बाया मी आनतो."

आता पंचाईत अशी, की बुधवारचं दही आदल्या रात्री विरजायचं होतं, मंगळवारी सकाळी घरात दह्याचा थेंब नव्हता. गणपतराव मागून सावकाश चालत शेताच्या बांधावर आत्ता कुठं पोचले होते. अनसाबाईंनी तिथूनच आवाज दिला, "थांबले काहून? तांड्यावर जा! चांदीच्या घरून दही आना!" आम्हाला मोटरनं धाडायला निघालेला तो माणूस, धोतर सावरत तांड्याकडे पळत सुटला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दह्याचं गाडगं आलं, भात आला, बायका आल्या. अनसाबाईंनी जागा सारवली, खडे मांडले, पूजा केली. सामियाच्या ओटीतला पेळूएवढा कापूस घेऊन दह्यात बुडवला आणि झाडाला लावला. तोच कापूस. दुसरा तोडला नाही. चांदीबाईच्या बायकांनी त्यांच्या बोलीत एक लांब गाणं म्हटलं, ते मला समजलं नाही, पण सगळ्यांच्या हातावर दहीभात पडला, तो समजला. इतका गोड दहीभात मी पुण्यात कधी खाल्ला नाही. एवढ्यात आभाळही फाकलं. पावसाचा एक टिपूस पडला नाही.

मग बायकांनी पाती धरल्या. पात म्हणजे प्रत्येकीनं वेचत जायची ओळ. अनसाबाईंनी सामियाला स्वतःच्या शेजारची पात दिली आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. "अर्धा कापूस बोंडातच ठेवला! डोये फुटले काय? पाला कायले घेतं त्याच्यात? तुह्या देशात पाल्याचे कपडे घालतात काय?"

"काय म्हणतात त्या?" सामियानं मला विचारलं.

"छान वेचतेस म्हणतात," मी म्हटलं.

"खोटं," सामिया हसून म्हणाली. "शिव्या देतात." आणि बोंडातला राहिलेला कापूस बोटानं काढला.

संध्याकाळी कापूस घरात टाकून झाल्यावर अनसाबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या. सामिया त्यांच्या पायाला तेल लावत होती. अनसाबाई तिला म्हणाल्या, "आता कधी सकायी वावरात जाशीन तं मले उठव. एकटी नको जाऊ."

"हो, खाला," सामिया म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग अनसाबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, उद्या मोटर हाय. तुमी पुण्याले जाता का?"

"आणि हिचं काय?"

"हिचं काय? हे राहीन. वेचनी होईन, पऱ्हाट्या उपटनं होईन, मंग जाईन."

"अहो, पण बोलायचं कसं तुम्ही? तिला मराठी कुठं येतं?"

"तिले समजते वं सारं. तुमी मधात बोलता, तं तिले उशीर होते."

आयुष्यात मला कामावरून कोणी इतकं प्रेमानं काढलं नव्हतं. रात्री मी माझं सामान बांधलं. सामिया गळ्यात पडली, आभार मानले आणि लगेच झोपलीही. दिवसभराची दमलेली.

सकाळी गणपतरावांनी माझी वळकटी मोटरीवर चढवून दिली. निरोपाला दोघींपैकी एकही दिसेना, म्हणून मी विचारलं, "अनसाबाई कुठं आहेत? आणि सामिया?"

"त्या?" गणपतराव म्हणाले. "त्या कवाच्या वावरात गेल्या."